पाखराच्या अंगावरचा उजेड



 पाणथळींची दुरवस्था, घटणारे माळरान हे विषय या संमेलनाच्या परिसंवादांत आहेतच. अध्यक्ष म्हणून मला आज आपल्या, पक्षी-छायाचित्रकारांच्या, रोजच्या कामाबद्दल बोलायचं आहे, एक्स्पोजरबद्दल. आताचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात, त्यामुळे फोकसची चिंता बरीच मिटली. पण पक्ष्यावर उजेड किती पडलाय आणि त्याचं पीस किती उजळ आहे, हे अजून आपल्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी आधी पक्षी माहीत असावा लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही, कोतवालही कळत नाही. समोरचं दृश्य सरासरी करडं आहे असं धरून तो चालतो. १८ टक्के प्रकाश परतवणारा करडा हे त्याचं जुनं माप. म्हणून फ्रेमभर बगळा आला की मळकट दिसतो आणि फ्रेमभर कोतवाल आला की धुरकट. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस, हे आपल्याकडे नवशिक्यालाही पाठ असतं. आणि याच पाठांतरानं सर्वात जास्त बगळे जळतात! भिगवणला उजनी धरणाच्या गडद पाण्यावर लांब उभा असलेला बगळा चौकटीचा जेमतेम कोपरा व्यापतो. मीटर बगळ्याऐवजी पाणी वाचतो, पाण्याला उजळवू बघतो, आणि पिसं कोऱ्या कागदासारखी होतात. तिथे मायनसच हवं. उलट पावसाळी पांढुरक्या आभाळापुढे बसलेला धनेश काळा असूनही भरपूर प्लस मागतो. पक्ष्याच्या रंगाइतकंच तो चौकटीत किती जागा घेतो आणि त्याच्या मागे काय आहे, हेही बघावं लागतं.

वंचकाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. काठावर मान आखडून बसलेला वंचक मातकट पाठीचा, गळ्यावर तपकिरी रेघांचा, चिखलात मिसळून गेलेला. मीटर सांगेल ते एक्स्पोजर त्याला चालून जातं. पण तो उडाला की पंख आणि शेपटी एकदम पांढरीशुभ्र दिसते. मग पुढच्या साऱ्या फ्रेममध्ये पाठ नीट आणि पंख जळालेले. ज्यानं वंचक पाहिला आहे, तो पक्षी बसलेला असतानाच पंखांचा विचार करून एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली आणून ठेवतो. बसलेला पक्षी थोडा गडद येईल, तर येऊ द्या. रॉ फाइलमध्ये तो उजळता येतो. पूर्ण जळालेलं पीस मात्र परत येत नाही, कारण तिथे सेन्सरनं तपशील नोंदवलेलाच नसतो.

उडत्या पक्ष्यांसाठी मी मॅन्युअल मोडचा आग्रह धरतो. नदीसुरय आभाळापुढून निघतो, बाभळीपुढून जातो, पाण्यावर उतरतो. मीटर तीन वेळा तीन आकडे सांगतो, पण सुरयाच्या अंगावरचं ऊन तेच असतं. फिल्मच्या काळातला नियम इथे अजून उपयोगी पडतो: स्वच्छ ऊन पाठीशी असेल तर एफ १६ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ ४००, एफ ५.६ आणि शटर १/३२००. पांढऱ्या पक्ष्याला १/५००० करा, कोतवालाला १/१६००. कोवळ्या उन्हात हे आकडे बदलतात, तेव्हा हिस्टोग्राम बघायचा आणि त्याची उजवी कड सांभाळायची. सालिम अलींबरोबर भटकंती करणारे छायाचित्रकार लोक वान थो यांचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ हे पुस्तक १९५७ सालचं. फिल्मवर काम करणाऱ्या त्या पिढीला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लगेच काही बघता येत नव्हतं. उजेड आधी जोखूनच बटण दाबावं लागे.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं तरुण मित्र विचारतात. मोठा बगळा आणि मध्यम बगळा ओळखायचा तर जबड्याची रेघ बघावी लागते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. विणीच्या हंगामात मोठ्या बगळ्याची चोच काळी पडते, डोळ्यापुढची कातडी निळसर हिरवी होते. चेहरा जळाला की यातलं काहीच उरत नाही, आणि असं छायाचित्र अभ्यासकाच्या उपयोगाचं राहत नाही. आपल्या छायाचित्रांना नोंदीचं मोल आहे. म्हणून मला हे पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं.

आणखी एक सांगतो, आणि ते कठोरपणे सांगतो. स्वर्गीय नर्तकाचं घरटं सावलीत असतं. पांढरा नर, भोवती काळोखी झाडी. एक्स्पोजर अवघड, हे मान्य. म्हणून उजेड यावा यासाठी भोवतालच्या फांद्या छाटल्या जातात किंवा दोरीनं मागे ओढल्या जातात. ती पानं पिल्लांना उन्हापासून वाचवतात, कावळ्याच्या आणि भारद्वाजाच्या नजरेपासून लपवतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. उजेड कमी असेल तर आयएसओ ६४००पर्यंत न्या, शटर थोडं उतरवा, दाणेदार चित्र पत्करा. तेही जमत नसेल तर दुर्बिणीतून लांबूनच बघून परत या.

कार्यकारिणीकडे माझी मागणी आहे. पुढच्या वर्षीपासून प्रदर्शनात घरट्यावरची छायाचित्रं स्वीकारू नयेत. स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मूळ रॉ फाइल मागवून पिसांचा तपशील तपासावा. आणि नवोदितांची कार्यशाळा सभागृहात न घेता तळ्याकाठी घ्यावी. पहिला संपूर्ण दिवस एकाच बगळ्यावर काढावा, सकाळच्या धुक्यापासून उतरत्या उन्हापर्यंत. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.