हुकूम कुणी काढला?



आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता चार शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

'रामराज्य' हा चित्रपट 1943 साली निघाला. विजय भट्ट यांनी तो प्रकाश पिक्चर्ससाठी दिग्दर्शित केला. राम प्रेम अदीब, सीता शोभना समर्थ. 1944 च्या जूनमध्ये गांधीजींनी तो जुहूला पाहिला. आम्ही पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, चाळीच्या पटांगणात. पुढे जागा नव्हती म्हणून पडद्यामागे बसलो, त्यामुळे अक्षरे उलटी दिसली; पण सीतेचे अश्रू उलटसुलट कसेही पाहा, सारखेच. बायकोला घरात न घेणाऱ्या त्या धोब्याचा आम्हाला भारी संताप आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी नाक्यावरच्या परटाला चिडवले. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, "बोलला धोबी, पण हुकूम कुणी काढला रे?"

पुढे वाल्मीकींचे उत्तरकांड मराठी भाषांतरात वाचले, आणि चकित झालो. तेथे धोबी नाहीच! भद्र नावाचा माणूस रामाला सांगतो की चव्हाट्यावर, बाजारात, रस्त्यांवर लोक असे असे बोलतात. म्हणजे बोलत होते सारे गाव. धोबी आला तो नंतरच्या कथांतून. साऱ्या नगराच्या जिभेचे ओझे एका कष्टकऱ्याच्या पाठीवर आले, आणि आपण सारे मोकळे झालो!

वाल्मीकींचा राम भावांना बोलावतो. पण सल्ला विचारायला नव्हे, निर्णय ऐकवायला. सीतेला तर आपण आश्रम पाहायला चाललो, असेच वाटते. शिक्षा झाल्याचे तिला गंगेपलीकडे गेल्यावर लक्ष्मणाकडून कळते. आरोपपत्र नाही, जबाब नाही. कारखान्यात असे झाले असते तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती.

पण थांबा. एकदा आमच्याच युनियनमधल्या एका कामगारभगिनीविषयी कुजबुज उठली, की ही मालकाला आतल्या बातम्या देते. संप तोंडावर होता, एकी टिकवायची होती. आम्ही तिला न विचारता कमिटीतून काढले. वर्षभराने कळले की त्या बोलण्यात तथ्य नव्हते. आम्ही तिच्या घरी गेलो, परत या म्हणालो. तिने चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, तेव्हा विचारायचं होतं." ती परत आली नाही.

तेव्हा आम्हाला चित्रपटाचा शेवट समजला. लव-कुश भर दरबारात आईची कथा गातात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. पण ही सुनावणी शिक्षेनंतरची आहे. म्हणून सीता सिंहासनाकडे न वळता धरणीच्या पोटात जाते.

लोकमताला मान द्यावा, हे आम्ही जन्मभर सांगत आलो, आजही सांगतो. परंतु दहा तोंडांनी बोलले म्हणून कुजबूज पुरावा ठरत नाही. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला समोर बसवून आधी विचारावे. घर असो, कारखाना असो, युनियन असो वा राज्य असो, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या परटाला उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते आज देतो. त्या भगिनीच्या बाबतीत हुकूम आम्ही काढला होता.