मातीचें भांडें आणि आपला संसार



अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी आमच्या फर्दापुरावरून जातो, तेव्हां त्याचें सारें चित्त चित्रांकडे लागलेलें असतें. तीं चित्रें ज्या लेपावर उभीं आहेत, त्याचा विचार क्वचितच कोणी करितो. तो लेप मातीचा आहे. मातींत भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु कालवून तो खडकावर चढविला, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि मग रंग भरले. वाळतांना माती आकसते व भेगाळते. तूस तिला धरून ठेवितें. मातीचा हा स्वभाव खेड्यांतल्या कुंभारासहि ठाऊक असतो. तो तींत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो, ती याच हेतूनें.

चाकावर मडक्याचें तोंड व गळा घडतो. पोट मात्र जाड ठेवितात. तें किंचित् सुकल्यावर आंतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीनें ठोकीत पातळ करितात. तेरच्या गोरोबाकाकांनीं संतांचीं मस्तकें थापीनें पारखलीं, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. कच्चें कोणतें व पक्कें कोणतें, हें कुंभाराची थापीच सांगते.

भाजलेल्या मातींत सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाणी झिरपतें, त्याची वाफ होते आणि जातांना ती आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखांत माठ गार राहतो तो यामुळें.

या भांड्याचा आपला संबंध फार जुना आहे. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांच्या जमिनीखालीं तान्हीं मुलें पुरलेलीं आढळलीं. दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेविलेलीं आणि त्यांत तें बालक! अन्न व पाणी ज्यांत ठेवावयाचें, त्याच मातीच्या स्वाधीन त्या मातेनें आपलें मूल केलें.

आजहि आखाजीस पितरांची घागर भरतात, नवरात्रांत घट बसतो, संक्रांतीस सुगड पुजतात, आणि शेवटच्या यात्रेंत पुढें मडकेंच असतें. शेजारच्या खानदेशांत पुरणाचे मांडे मातीच्या खापरावरच भाजतात. परंतु रोजच्या चुलीवरून मातीचें भांडें उठलें. माजघरांतला रांजणहि दिसेनासा झाला. पूर्वीं कुंभारास बलुत्याचें धान्य मिळे, तेंहि गेलें. दोन-चार सणांच्या विक्रीवर बारा महिन्यांचा संसार चालत नाहीं. रोजचें गिऱ्हाईक तुटलें कीं चाक थांबतें, आणि चाक थांबलें कीं पूजेचा घटहि घडावयाचा नाहीं. आपण विधि सांभाळितों, पण ज्याच्या हातावर तो विधि अवलंबून आहे त्यास विसरतों, ही विसंगति आहे.

यास्तव माझी विनंती अल्प आहे. या उन्हाळ्यांत एक माठ घ्यावा. घेतांना बोटानें वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कोठेंतरी तडा आहे असें समजावें. आणि पारखून झाल्यावर किंमतीची घासाघीस मात्र करूं नये.