अर्धवट काम चारचौघांत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेनं उभी राहून ओढू लागतात. रापण एकट्याची कधीच नसते. दोराला जितके हात लागतील तितकं जाळं सरळ येतं, आणि नंतर ठरलेल्या रीतीनं वाटे पडतात.

आज मला बोलायचं आहे ते संगणकावरच्या एका रापणीबद्दल. मोठमोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर तयार करतात हे आपल्याला माहीत असतं. पण दिवसभर नोकरी करून, रात्री जेवणं आटोपल्यावर, कुणी एक जण केवळ हौसेपोटी एखादा छोटासा प्रोग्राम लिहितो. कुणी मराठी टाइप करण्याची सोय करतो, कुणी पंचांगातल्या तिथी काढून देतो, कुणी शब्दकोश तयार करतो. पोटाचा धंदा वेगळा आणि ही परसातली मिरचीची रोपं वेगळी. आणि मग तो ते काम, अजून कच्चं असतानाच, चारचौघांपुढे ठेवतो आणि म्हणतो, “वापरून पाहा आणि काय खटकतं ते सांगा.”

आपल्याकडे अर्धवट काम दाखवायची रीत नाही. घर बांधून पुरं झाल्यावर वास्तुशांत, नाटक बसल्यावर प्रयोग. त्यामुळे कच्चं काम मुद्दाम लोकांपुढे ठेवणं आपल्याला थोडं विचित्र वाटतं. पण जगातली एक फार मोठी गोष्ट अशीच सुरू झाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. ती फार मोठी वगैरे होणार नाही, पण लोकांना काय हवं आहे ते कळवावं. त्या हौशी कामाचं पुढं ‘लिनक्स’ झालं. आज ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या फोनच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. त्या मुलानं ‘पूर्ण झाल्यावरच दाखवीन’ असं ठरवलं असतं, तर कदाचित ते कधीच पूर्ण झालं नसतं.

इतकं लांब जायचंही कारण नाही. संगणकावर मराठी लिहिणं आज आपल्याला सहज वाटतं, पण त्यामागे अशा हौशी माणसांचा मोठा हात आहे. १९९८ साली शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी ‘बरह’ हे सॉफ्टवेअर कन्नडसाठी आणलं. पुढं त्यात देवनागरी आली आणि इंग्रजी कळफलकावरून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याची सवय असंख्य लोकांना त्यातूनच लागली. मराठीत ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ तयार केलं. नाव किती नेमकं पाहा! ग, म, भ, न ही आपण पाटीवर गिरवलेली पहिली अक्षरं. मोठ्या कंपन्यांना मराठीची बाजारपेठ दिसण्याआधी या माणसांना मराठीची गरज दिसली होती.

पण गरज दिसणं वेगळं आणि सगळ्या खाचाखोचा एकट्याला दिसणं वेगळं. एक साधं उदाहरण देतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. कानाला फरक थोडा, पण लिहिताना एका ठिकाणी डोक्यावर रफार येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ती आडवी, पापणीसारखी रेघ. हिंदीला ही रेघ लागत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून देवनागरीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या ती लक्षातच येत नाही, आणि मग ‘किनाऱ्यावर’ या शब्दाचं ‘किनार्यावर’ होतं. आपल्या ‘ॲ’चंही तसंच. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. अशा गोष्टी कुणीतरी वापरून, अडून, तक्रार केल्याशिवाय सुधारत नाहीत.

याचा एक अनुभव सांगतो. आमच्या वाचनालयाचा दरवर्षी एक अंक निघतो. गावातल्या जुन्या खलाशांच्या आठवणी, दशावतारी कलावंतांच्या मुलाखती, बायकांनी सांगितलेल्या फुगडीच्या गाण्यांची टिपणं, असं बरंच त्यात छापलेलं आहे. आठवणी सांगणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आज हयात नाहीत. बारा वर्षांचे हे अंक संगणकावर जुळवलेले होते, पण युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये. त्या काळच्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असायचा, फक्त वर मराठी अक्षरांचा मुखवटा. संगणक बदलला, तो फाँट गेला, आणि फाइल उघडल्यावर दिसू लागली ती नुसती चिन्हांची रांगोळी. छापील प्रतींना वाळवी लागलेली आणि फाइली अशा मुक्या झालेल्या.

असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी काही हौशी प्रोग्रामरांनी छोटे परिवर्तक लिहिले आहेत. त्यातला एक आमच्या हाती लागला. लिहिणारा पुण्यात नोकरी करणारा एक तरुण. सोबत त्यानं सूचना लिहिली होती, की हे काम अजून चालू आहे, चुकलं तर कळवा. आम्ही एक अंक घातला आणि मजकूर खरोखरच वाचता येऊ लागला. फक्त मधूनमधून काही शब्द विस्कटलेले. मुखपृष्ठावरचा ‘वार्षिक अंक’ हाच मुळी मोडलेला!

आमच्याकडे पूर्वी ट्रेडल मशीनवर खिळे जुळवणारे एक जुने कंपोझिटर येतात. वय ऐंशीच्या पुढं. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. पण विस्कटलेल्या शब्दांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. वार्षिक, आर्थिक, धार्मिक, मार्मिक. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “गुरुजी, एकटो रफार आसलो तर बरोबर येता, एकटी वेलांटी आसली तरी बरोबर येता. दोघां एकाच अक्षरार इली काय मगे घोटाळो.”

आम्ही हेच वाक्य, दहा शब्दांची यादी आणि एका पानाचा नमुना त्या तरुणाला पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. वेलांटी अक्षरानंतर आणि रफार आधी. त्याचा प्रोग्राम आधी वेलांटी उचलून पुढं ठेवत होता आणि मग रफार एक घर मागं नेत होता. मागं ‘ष’ सापडायच्या ऐवजी रफाराला सापडायची ती नुकतीच येऊन बसलेली वेलांटी, आणि तो तिथंच अडकायचा. त्यानं क्रम बदलला. आधी रफार, मग वेलांटी. ‘वार्षिक’ सरळ झाला. पत्राच्या शेवटी त्यानं विचारलं होतं, “हे कुणी शोधलं? आपल्याकडे कुणी प्रोग्रामर आहेत का?” आम्ही कळवलं, की प्रोग्रामर नाहीत, खिळे जुळवणारे आहेत.

श्रोतेहो, यातला मुद्दा असा, की दोष शोधायला संगणकशास्त्र यावं लागत नाही. आपापल्या विषयातलं ज्ञान लागतं. आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्यापाशी नसतं म्हणून तर तो विचारतो.

मात्र सांगण्याचीही एक पद्धत आहे. ‘चालत नाही’ एवढंच कळवणं म्हणजे डॉक्टरांना ‘बरं नाही’ एवढंच सांगण्यासारखं. चार गोष्टी सांगाव्यात. कोणता संगणक किंवा फोन, आपण काय केलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं. जमल्यास नमुना जोडावा. ‘छान आहे, अभिनंदन’ हे शब्द गोड असतात, पण त्यानं प्रोग्राम सुधारत नाही. आपले दशावतारी कलावंत हे चांगलं जाणतात. त्यांच्या हातात लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात. प्रसंग रंगला नाही तर प्रेक्षक टीका करत बसत नाही, उठून चहाच्या टपरीकडे जातो. नटाला तेवढं पुरतं, कारण प्रेक्षक त्याच्या समोर असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र तुम्ही उठून गेलात हे दिसत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर त्याला वाटतं, सगळं ठीक चाललं आहे, किंवा कुणाला याची गरजच नाही. यातला दुसरा समज जास्त घातक. त्यानंच बरीच चांगली कामं बंद पडतात.

आता आपल्या जिल्ह्यासाठी काही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवणची किती मुलं आज पुण्या-मुंबईला, बंगळुरूला संगणकाच्या क्षेत्रात आहेत. गणपतीला, शिमग्याला ती घरी येतात. त्यांनी आपलं हौसेचं काम घरातल्या माणसांना दाखवावं. समजा, कुणी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम केला. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट करून भरतीचा अंदाज काढण्याची जुनी रीत आहे, कारण भरती रोज साधारण पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. गणित सोपं. पण देवबागच्या संगमावरची वेळ आणि कर्लीच्या खाडीत आत नेरूरपारला पाणी चढण्याची वेळ एक नसते, हे त्याला खाडीत होडी घालणाराच सांगेल. इथं एक इशाराही द्यायला हवा. कच्चा फाँट फार तर शब्द मोडेल. पण जिथं जिवाशी गाठ आहे, तिथं हौशी प्रोग्रामवर विसंबू नये. समुद्रात जायचं की नाही, हे हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा इशारा पाहूनच ठरवावं.

दुसरी गोष्ट आपल्या बोलीची. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरसाठी शंतनू ओक यांनी मराठीचं शुद्धलेखन तपासण्याची सोय तयार केली. ती ज्या ‘हन्स्पेल’ यंत्रणेवर चालते, ती मुळात लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी उभी केली. त्या भाषेत आपल्यासारखेच शब्दाला प्रत्यय चिकटतात. त्यात एक शब्दांची यादी असते आणि एक प्रत्ययांचे नियम. ‘समुद्र’ हा शब्द एकदा यादीत घातला, की समुद्रात, समुद्राला, समुद्रावरून ही रूपं नियमांनी ओळखता येतात. आता या यंत्रणेपुढे ‘खंय’, ‘माका’, ‘चेडू’, ‘इसवण’ लिहून पाहा. यादीत शब्द नसला की खाली लाल रेघ येणार. एखाद्या पोरानं आजीची गजाल टाइप करायला घेतली आणि ओळीओळीला लाल रेघा दिसल्या, तर त्याला काय वाटेल? आपली भाषाच चुकीची, असं वाटेल. पण संगणकाला तसं काहीच म्हणायचं नसतं. लाल रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द त्याला कुणी सांगितलेला नाही.

आणि तो सांगण्याचं काम पुण्यातला किंवा बंगळुरूचा माणूस करू शकणार नाही. ते मालवणच्या कोळणीनं, आचऱ्याच्या शिक्षकानं, वेंगुर्ल्याच्या बागायतदारानंच करायचं आहे. एका शाळेनं एका वर्षात माशांची, जाळ्यांची, झाडांची मालवणी नावं गोळा केली, तरी त्यातून मालवणीच्या यादीची सुरुवात होईल.

शेवटची एक काळजी. ही हौशी कामं बहुधा एका माणसाच्या खांद्यावर असतात. त्याचं लग्न होतं, नोकरी बदलते, आजारपण येतं, आणि काम थांबतं. म्हणून अशा मंडळींना माझी विनंती आहे, की आपल्या प्रोग्रामची मूळ लिखावट खुली ठेवा, कसा चालतो याची दोन पानं मराठीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते पुढं नेता येईल. आणि वापरणाऱ्यांना विनंती अशी, की फुकट मिळालं म्हणून गप्प बसू नका. काही चुकलं तर कळवा, काही उपयोगी पडलं तर तेही कळवा.

आमच्या बारा अंकांपैकी नऊ आता नीट वाचता येतात. तीन अंकांचा फाँट वेगळा आहे, तो अजून कुणाला सुटलेला नाही. कुणाला यायचं असेल प्रयत्न करायला, तर वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं.