घरभाडे आणि गाडीभाडे



खोली बघताना आपण घरभाडे विचारतो, कामावर जायचे गाडीभाडे वेगळे धरतो. जातात दोन्ही एकाच पगारातून. २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन बीआरटीएस बस सुरू झाली. २०२१ मध्ये मेट्रोची पायाभरणी झाली. अशी सोय जवळ आली की गाडीभाडे वाचते. पण खोल्या तेवढ्याच राहिल्या, तर वाचलेले पैसे घरभाड्यात जातात.

लिंबायत-डिंडोलीत आपल्यापैकी कित्येकांच्या खोल्या आहेत. भाडेकरू बहुधा खानदेशातलेच, आपल्या गावाकडचे. आपले वाडवडीलही भुसावळ-सुरत गाडीने असेच उधन्याला उतरले. म्हणून भाडे वाढवताना त्यांची सगळीच बचत आपण घेऊ नये, एवढीच विनंती.