विचारलेला प्रश्न आणि न वाचलेले उत्तर



रायगड किनाऱ्यावरच्या पत्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने पत्रकारितेच्या भवितव्यावर बोलावे असा रिवाज आहे. मी आज एका छापील कागदावर बोलणार आहे. विधिमंडळाचे अधिवेशन आले की तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या निघतात. त्यांत आपला किनारा आहे. फुटलेली खारबंदिस्ती आहे, रखडलेल्या जेट्या आहेत, डिझेल परताव्यासाठी थांबलेल्या मच्छीमार सोसायट्या आहेत. या याद्या आपण वाचत नाही, आणि त्याची किंमत गावे मोजतात, हे मला आज स्पष्टपणे सांगायचे आहे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात 1892 च्या कायद्यापर्यंत सभासदाला सरकारला साधा प्रश्नही करता येत नव्हता. त्या कायद्याने प्रश्न करता येऊ लागला, पण आलेल्या उत्तरावर उपप्रश्न करता येत नसे. ती मुभा 1909 च्या सुधारणांनी दिली, तीही ज्याने मूळ प्रश्न केला त्यालाच. 1919 नंतर ती सर्व सभासदांना मिळाली. सरकारला प्रश्न विचारता यावा यासाठी आपल्या माणसांनी एकेक पायरी अशी झगडून मिळवली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुंबई विधिमंडळातील कामगिरीचा जो खंड सरकारने प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या गाजलेल्या भाषणांबरोबर त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली सरकारी उत्तरेही आहेत. भाषणे आपण सगळे वाचतो. ती प्रश्नोत्तरेही एकदा वाचा. त्या काळातला तो एवढा मोठा विद्वान खात्याकडून साधी आकडेवारी कशी काढून घेत होता, ते त्यांतून कळते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर महाडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही. बोल्यांचे मोठेपण पुढे दिसते. तीन वर्षांनी, ऑगस्ट 1926 मध्ये, त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिला ठराव करणारे सभासद पुष्कळ असतात. ठरावाचे पुढे काय झाले म्हणून परत येणारा, आणि तो ठराव पैशाशी बांधणारा विरळा. 20 मार्च 1927 रोजी लोक स्वतः तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरच्या त्या हक्काला खरा अर्थ आला.

आज विधिमंडळातला प्रश्न खाली गावापर्यंत कसा उतरतो ते तुमच्यापैकी ज्यांनी तहसील कचेऱ्यांत चकरा मारल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. आमदाराने विधिमंडळ सचिवालयात प्रश्न दिला की तो मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून मुख्य अभियंता किंवा आयुक्ताकडे, तिथून जिल्हाधिकारी किंवा कार्यकारी अभियंत्याकडे, आणि अखेर पेणच्या किंवा मुरुडच्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या नाहीतर तलाठ्याच्या टेबलावर येतो. कचेरीत त्याला एकच नाव आहे, ‘एलएक्यू’. एलएक्यू आला की रजा रद्द होतात, मुख्यालय सोडायचे नाही असा आदेश निघतो, आणि सहा महिने कपाटात असलेली फाईल त्या दिवशी बाहेर येते. गावच्या माणसाने दहा अर्ज करून जे होत नाही ते एका प्रश्नाने होते, कारण त्या उत्तराखाली मंत्र्याचे नाव छापले जाणार असते आणि सभागृहाला चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो.

उत्तराच्या टोकाशी मात्र खात्यांनी आपली तटबंदी उभी केली आहे. आपल्याकडच्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक ठिकाणी अमुक झाल्याचे ‘दिनांक अमुक रोजी वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय’ असा पहिला भाग. मग ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’. मग ‘चौकशीत काय आढळून आले, तद्नुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे’. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरही ठरलेलेच असते: ‘हे खरे नाही’ आणि उरलेल्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या ओळीतली तारीख एका दिवसाने चुकली, गावाचे नाव शेजारच्या गावाचे पडले, शंभर एकरांच्या जागी दीडशे लिहिले, की सगळा प्रश्न पहिल्याच भागात कोसळतो. खात्याने खोटे सांगितलेले नसते. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर तर त्याहून सोयीचे, कारण कोणता अंश खरा हे कुणी विचारत नाही.

खारभूमीचे उदाहरण जरा तपशिलात घेतो, कारण तिथे हे सगळे उघडे पडते. अलिबाग, पेण, उरणच्या खाडीकाठाला बाहेरकाठ्यांनी समुद्र अडवून पिढ्यान्‌पिढ्या भातशेती झाली. बांध गावकीने सांभाळायचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे, उधाणाचे आत येऊ द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था होती. पुढे योजनांतल्या बांधांची जबाबदारी सरकारच्या खारभूमी खात्याकडे आली, अनेक खाजगी बांध गावांकडेच राहिले, आणि गावकी मोडत गेली. मोठ्या उधाणाला बांधाला खांड जाते. ती त्याच महिन्यात बुजवली तर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते आणि पुन्हा पिकते. नाही बुजवली तर खारे पाणी रोज आत-बाहेर करते आणि काही वर्षांत त्या शेतात कांदळवन उभे राहते. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये मनाई केली आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल, अशा त्या शेतकऱ्याने कुणाकडे जायचे?

तो खारभूमी खात्याकडे गेला तर बांध खाजगी आहे असे सांगतात. महसूल खाते पंचनाम्यासाठी पीक कुठे आहे ते विचारते. वन खात्याचा कांदळवन कक्ष झाडाला हात लावू देत नाही. नुकसानभरपाई मागितली तर समुद्राचे उधाण कोणत्या निकषात बसते, तिथे अडते. आता त्याच्या आमदाराने प्रश्न दिला की ‘अमुक तालुक्यातील खारबंदिस्ती फुटून शेकडो एकर शेती नापीक झाली, हे खरे आहे काय’, तर एका खात्याचा मंत्री आपल्या खात्यापुरते खरे उत्तर देईल आणि शेतकरी जिथे होता तिथेच राहील.

तोच प्रश्न असा लिहिला तर? अमुक गावातील अमुक गट क्रमांकांलगतचा बांध शासनाच्या यादीत योजनेचा आहे की खाजगी; खांड गेल्याची पहिली लेखी खबर कार्यालयास कोणत्या तारखेस मिळाली; त्या तारखेपासून आजपर्यंत कोणते अंदाजपत्रक कुणी, कधी तयार केले, ते कुणाकडे प्रलंबित आहे; आणि त्या गट क्रमांकांवर आज किती क्षेत्रात कांदळवन आहे. यात ‘खरे आहे काय’ नाही. यातल्या एकाही भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. खबर मिळाल्याची तारीख आणि अंदाजपत्रक अडकलेले टेबल, या दोन गोष्टी मंत्र्याच्या नावाने छापून आल्या की त्या शेतकऱ्याच्या वकिलाला न्यायालयात उभे राहायला जागा मिळते. असा प्रश्न मुंबईत बसून सुचत नाही. तो लिहायला बांधावरून चाललेला माणूस लागतो.

प्रश्न कोणत्या सभागृहात न्यायचा यातही आपण पुष्कळ चुकतो. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल ते इंदापूर हे 84 किलोमीटरचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले. ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, म्हणजे त्याचे उत्तर दिल्लीला मागायचे. इंदापूरच्या पुढचा रस्ता राज्याच्या बांधकाम खात्यामार्फत झाला. किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना केंद्राची, तिची अंमलबजावणी जिल्ह्याची. थळचा खत कारखाना आणि न्हावा-शेव्याचे बंदर केंद्राचे, मासेमारीचे नियम मात्र राज्याचे. आमदाराने केंद्राचा आणि खासदाराने राज्याचा प्रश्न विचारला की उत्तराऐवजी अखत्यारीचा पत्ता मिळतो, आणि एक अधिवेशन वाया जाते.

‘माहिती नाही’ हे उत्तरसुद्धा किती मोलाचे असते, ते 2020 ने दाखवले. त्या सप्टेंबरात संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले, फक्त लेखी उत्तरे तेवढी राहिली. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले या प्रश्नाला केंद्रीय श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्या एका वाक्याने देशभर जी चर्चा झाली ती कोणत्याही भाषणाने झाली नसती. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या झोपवल्या. मदत हेक्टरी दराने मोजायची आणि आपल्या वाड्या गुंठ्यांच्या, त्यातही चार-चार हिस्सेदारांच्या. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्नावर यायला किती वर्षे लागतात हे दिवेआगरच्या शाळकरी पोराला माहीत होते, शासनाच्या निकषाला नव्हते. झाडामागे मदत देण्याचा निकष पुढे आला, तो इथल्या लोकांनी ओरड केली म्हणून. आणि ज्या वर्षी सर्वाधिक प्रश्न विचारायला हवे होते, त्या वर्षी विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत उरकले. महामारीचे कारण खरे होते, हे मी मान्य करतो. पण लेखी प्रश्नाला गर्दी लागत नाही. तो कागद तेव्हा दुप्पट वापरायला हवा होता.

प्रश्नाच्या या हत्याराचा दुरुपयोग होतो, हेही बोलले पाहिजे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर 2005 मध्ये संसदेच्या 11 सदस्यांना सदस्यत्व गमवावे लागले. ठेकेदाराला धाक घालण्यासाठी प्रश्न टाकायचा आणि नंतर गप्प राहायचे, ही कुजबुज तालुक्याच्या गावीही ऐकू येते. यावर उपाय एकच आहे. प्रश्न टाकणाऱ्याने उत्तर आल्यावर काय केले, हे कुणीतरी लिहिले पाहिजे. मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ म्हटले की ते आश्वासन ठरते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आपल्या तालुक्याची किती आश्वासने तिच्यापुढे आहेत, याची बातमी आपल्यापैकी कुणी केली आहे?

आणखी एक गोष्ट मला फार लागते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही नागरिकालाही नाकारता येणार नाही. आमदार आणि सामान्य माणूस त्या ओळीने एका रांगेत उभे केले होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती ओळ असलेल्या पोटकलमाचा मजकूर बदलला, आणि ती ओळ त्यातून गेली. ज्यांनी माहितीच्या अर्जांवर बातम्या उभ्या केल्या त्यांना याचा फटका बसणार आहे. म्हणून आमदाराच्या प्रश्नाचे मोल आता वाढले आहे. जे कागद आपल्याला मिळणार नाहीत, ते सभागृहातून मागवून घ्यावे लागतील.

या अलिबागेत 1937 मध्ये नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले, तेव्हा चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता. कुळांनी 1933 पासून जमिनी कसायचे बंद केले होते. 1937 मध्येच 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. शेत, छापखाना आणि सभागृह ही तिन्ही त्या वेळी एका दिशेला होती, म्हणून खोतीला हादरा बसला. आज सभागृहात रायगडचे सात आमदार आहेत, छापखाने त्या काळाच्या कितीतरी पट आहेत, आणि तरी बांधावरची खांड तीन-तीन पावसाळे उघडी राहते.

माझी तुम्हाला विनंती आहे. पुढचे अधिवेशन जाहीर होईल तेव्हा आपापल्या तालुक्यातला एकच विषय घ्या. गट क्रमांक, तारखा, अर्जांच्या पोचपावत्या जमवा आणि तो प्रश्न नीट लिहून आपल्या आमदाराच्या हातात द्या, तो कोणत्याही पक्षाचा असो. त्याने नाही दिला तर तसे छापा. अधिवेशन संपले की प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातली आपल्या गावाची पाने काढा आणि पुढच्या ग्रामसभेत, संबंधित अधिकाऱ्याला समोर बसवून, मोठ्याने वाचा.