संशोधनापासून रुग्णशय्येपर्यंत
(संस्थेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र लावलेले असते. त्यावर एक तारीख असते. प्रतीक्षा करणारा रुग्ण ती क्वचितच वाचतो, आणि वाचलीच तर जुनी तारीख पाहून त्याचा विश्वास वाढतो, कारण जुनी तारीख म्हणजे अधिक अनुभव. ते खरेच आहे. परंतु त्या तारखेनंतर वैद्यकशास्त्रात जे घडले त्यातले किती या खोलीपर्यंत पोहोचले आहे, हे त्या चौकटीवरून कळत नाही. आजचे विवेचन त्याविषयी आहे.

विषय दूरचा वाटू नये म्हणून उदाहरण सर्वांनी भोगलेल्या काळातले घेतलेले बरे. एप्रिल 2021 आठवावा. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. प्राणवायूच्या नळकांड्यांच्या जोडीने आणखी एका गोष्टीचा घरोघरी शोध चालू होता, ती म्हणजे प्लाझ्मा. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतात. ती आजारी माणसाला दिली तर तो तरेल, अशी कल्पना होती. कल्पना खुळी नव्हती. घटसर्पावर रक्तजलाचा उपचार शोधणाऱ्या एमिल फॉन बेरिंग यांना वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 मध्ये मिळाले ते याच जातीच्या विचारासाठी. जुलै 2020 मध्ये दिल्लीत प्लाझ्मा बँकही उघडली होती. रुग्णालयाने चिठ्ठी लिहून द्यायची आणि मुलाने, भावाने, जावयाने रात्रभर फोन फिरवून त्या रक्तगटाचा दाता शोधायचा, असे दृश्य त्या दिवसांत गावोगाव होते.

या उपचाराची कसून तपासणी आपल्याच देशात त्याआधी होऊन गेली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 22 एप्रिल ते 14 जुलै 2020 या काळात देशातील 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर ‘प्लासिड’ नावाची चाचणी घेतली. कोणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कोणाला नाही हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ते ठरत होते. 235 जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा मिळाला, 229 जणांना केवळ नेहमीचे उपचार. आजार बळावून गंभीर होणे किंवा 28 दिवसांच्या आत मृत्यू येणे, यांपैकी काही पहिल्या गटात 44 जणांच्या बाबतीत घडले, दुसऱ्या गटात 41 जणांच्या. म्हणजे शेकडा 19 आणि शेकडा 18. प्लाझ्माने फरक पडला नव्हता. हा निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरमध्ये परिषदेने प्लाझ्माच्या सरसकट वापराविरुद्ध सूचनापत्रही काढले. तरीही राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो उपचार वगळला गेला 17 मे 2021 रोजी, लाट ओसरू लागल्यावर. ज्या मुलाने वडिलांच्या शेवटच्या दोन रात्री त्यांच्या उशाशी बसण्याऐवजी दाता शोधण्यात घालवल्या, त्याला हे सात महिने कोणी परत देऊ शकत नाही.

येथे डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे होईल. दारात आक्रोश करणारे नातेवाईक, हाती दुसरे फारसे काही नाही, आणि सरकारी कागदावर तो उपचार अजून दिसतो आहे, अशा वेळी ‘प्लाझ्मा नको’ असे म्हणायला ज्ञानाबरोबर धैर्यही लागते. ज्यांनी तो निबंध वाचला होता त्यांना ते धैर्य थोडे अधिक मिळाले असेल.

याच साथीत नेमके उलटेही घडले. 16 जून 2020 रोजी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीच्या संशोधकांनी जाहीर केले की, डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, तालुक्याच्या औषधदुकानातही मिळणारे स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी करते. 27 जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते आपल्या उपचारपद्धतीत समाविष्ट केले. अवघे अकरा दिवस. एका उपचाराला प्रवेश मिळायला अकरा दिवस आणि दुसऱ्याला निरोप द्यायला सात महिने. नवे स्वीकारणे सोपे जाते. चालू असलेले थांबवणे जड जाते, मग तो उपचार असो की घरातला रिवाज.

डेक्सामेथासोनच्या कथेला एक पुढचा भाग आहे आणि तो अधिक बोधक आहे. त्याच चाचणीत असेही दिसले होते की, ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. उलट अपाय होत असावा अशी शंका घेण्याजोगे आकडे होते. बातमीत पहिले वाक्य पोहोचले, दुसरे वाटेत गळाले. 2021 मध्ये घरी बसलेल्या, साधा ताप असलेल्या कितीतरी रुग्णांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या; काहींनी डॉक्टरांच्या चिठ्ठीने, काहींनी शेजाऱ्याच्या चिठ्ठीची छायाप्रत दाखवून. मधुमेह, त्यात स्टेरॉइडने वाढलेली साखर, आणि त्यावर म्युकरमायकोसिस, ज्याला लोक ‘काळी बुरशी’ म्हणू लागले, असा तो क्रम होता. किती जणांनी डोळा गमावला, जबडा गमावला! संशोधनाशी जोडून राहणे म्हणजे मथळा ऐकणे असे मानले की हे होते. निबंधातले ‘कोणाला’, ‘केव्हा’ आणि ‘किती दिवस’ हे तीन शब्द वाचावेच लागतात.

आता एका विंचवाची गोष्ट, आणि तीही कोकणातली.

डॉ. हिंमतराव बावसकर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या मुलखात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच. भात कापताना, कौले उतरवताना, गवताचा भारा उचलताना विंचू चावे. धडधाकट माणूस घामाने निथळे, त्याला उलट्या होत, हातपाय बर्फासारखे गार पडत, आणि काही तासांत तोंडाला गुलाबी फेस येऊन तो जाई. फुप्फुसांत पाणी भरलेले असे. त्या वेळी जे उपचार चालत, गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइडची इंजेक्शने, त्यांनी विशेष काही साधत नव्हते.

बावसकरांनी दोन गोष्टी केल्या. रुग्णाच्या खाटेजवळ बसून तासातासाला त्याची नाडी, रक्तदाब, घाम, थंडी यांची नोंद ठेवली. आणि त्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी ते ग्रंथ व नियतकालिके धुंडाळत राहिले. विंचवाच्या विषामुळे शरीरातील मज्जातंतूंची टोके जणू उघडी राहतात, ॲड्रिनलिनच्या जातीची रसायने रक्तात लोटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो. असे असेल तर वाहिन्या सैल करणारे औषध उपयोगी पडावे. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे तसे औषध. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, प्रकाशापासून जपून आणि रक्तदाबावर अखंड नजर ठेवून द्यावे लागते. वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रात ही चैन परवडणारी नव्हती. तेच काम तोंडावाटे घ्यायची एक गोळी करू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर होते प्राझोसिन. उच्च रक्तदाबासाठी बाजारात असलेली ही साधी गोळी. लक्षणांवरचा त्यांचा निबंध 1982 मध्ये आणि प्राझोसिनवरचा 1986 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी शेकडा 40 च्या घरात होते. ते शेकडा एकाच्या आसपास उतरले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊनही ते परतले ते महाडलाच. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे पुष्कळांना ठाऊक असते.

थोड्यांना ठाऊक असते ते पुढचे. 2011 मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी 70 रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविष. दोन्ही दिलेले रुग्ण सरासरी 8 तासांत सावरले. एकट्या प्राझोसिनवरच्यांना जवळजवळ 18 तास लागले. ज्या गोळीने नाव दिले, तीच एकटी पुरेशी आहे का, असे त्यांनी पंचवीस वर्षांनी स्वतःच विचारले आणि नाही हे उत्तर छापून टाकले. वैद्यकीय शिक्षण चालू राहणे याचा याहून शुद्ध नमुना शोधायला लांब जावे लागेल.

सर्वच डॉक्टर बावसकर होऊ शकत नाहीत, आणि तशी अपेक्षाही अन्यायाची आहे. ‘पबमेड’ या अमेरिकी सूचीत दरवर्षी दहा लाखांहून अधिक नव्या निबंधांची भर पडते. सकाळी साठ आणि संध्याकाळी साठ रुग्ण तपासणाऱ्या माणसाने त्यातले काय वाचावे? मार्गदर्शक सूचना त्यासाठीच निर्माण झाल्या: कोणीतरी जाणकारांनी सगळे वाचून, तोलून, चार पानांत सांगायचे. आयुर्विज्ञान परिषदेने 2019 पासून ‘प्रमाणित उपचारक्रम’ प्रसिद्ध करायला आरंभ केला. एका आजाराला एक पान, भिंतीवर लावता येईल असे, आणि विनामूल्य. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 श्रेयतास मिळवावे लागतात. हा नियम चांगला आहे, मात्र सभागृहातील हजेरी आणि डोक्यातील हजेरी या निराळ्या गोष्टी आहेत हे शाळेत आयुष्य गेलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेने सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. तालुक्याच्या गावी स्वतंत्र दवाखाना चालवणारा डॉक्टर मात्र त्या दाराबाहेर उभा आहे. नव्या औषधाची पहिली वार्ता त्याला अजूनही बहुधा औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून मिळते, आणि प्रतिनिधी कधी जुने, स्वस्त औषध घेऊन येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने त्याच विद्येच्या जाणकारांशी संभाषा करावी असे सांगितले आहे, आणि मित्रभावाने होणारी संभाषा व कुरघोडीसाठी होणारी संभाषा यांत भेदही केला आहे. माजी विद्यार्थ्यांतील डॉक्टरांनी महिन्यातून एकदा चार जणांनी जमून एकच निबंध, एकच मार्गदर्शक सूचना वाचण्याचा परिपाठ ठेवला तर त्याला खर्च चहाचा येईल. त्यात एक अट असावी: त्या दिवशी जे वाचले ते शेवटी मराठीत, किंवा ज्या प्रांतात दवाखाना आहे त्या प्रांताच्या भाषेत, रुग्णाला कळेल असे पाच वाक्यांत मांडायचे. ‘रँडमाइज्ड’, ‘प्लॅसिबो’ या शब्दांमागे लपता येत नाही तेव्हा समजुतीतील भोके लगेच दिसतात. मातृभाषेत विज्ञान शिकलेल्यांना हा सराव अवघड जाऊ नये.

पालकांसाठीही यात काम आहे, आणि ते अगदी घरगुती आहे. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत कॉलरा उसळला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून पाजले. शेकडा 30 पर्यंत गेलेले मृत्यू चारच्या खाली आले. तसा प्रयोग कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 मध्येच 186 रुग्णांवर करून ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता, तुलनेचा गट नाही म्हणून जगाने तो बाजूस ठेवला. पुढे याही मिश्रणात सुधारणा झाली. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यातील मीठ व साखर कमी केली, आणि 2004 मध्ये जुलाब झालेल्या मुलांना 10 ते 14 दिवस झिंक द्यावे अशी शिफारस तिने युनिसेफबरोबर केली. आजही अनेक घरांत जुलाबावर पहिली मागणी प्रतिजैविकाची होते, आणि झिंकची गोळी तिसऱ्या दिवशी विसरली जाते.

औषधदुकानात मात्र ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवणारी, साखरेने गोड केलेली खोकी वर्षानुवर्षे शेजारीच मांडलेली होती. जादा साखर जुलाब वाढवते. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ती अक्षरे छापण्यास मनाई केली. तरीही पाकीट उलटे करून मागची बाजू वाचण्याची सवय घरातल्या मोठ्यांनी लावून घ्यावी आणि आठवीच्या मुलांकडून ती वाचून घ्यावी. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9, पोटॅशियम क्लोराइड 1.5, एकूण साडेवीस ग्रॅम. संपूर्ण पुडी एकाच वेळी, उकळून गार केलेल्या मोजून एक लिटर पाण्यात. आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे.