पेटीवरची दोन नावे

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची पेटी हाती घेतली, की तिच्यावर बहुधा दोन नावे आढळतात. एक नाव चिपचा आराखडा करणाऱ्या कंपनीचे असते. दुसरे, ती चिप फलकावर बसवून, तिला पंखे जोडून विक्रीस आणणाऱ्या कंपनीचे. दुकानात वाद रंगतो तो दुसऱ्या नावावरून : आसूस बरे की गिगाबाइट? वस्तुतः निवडीचे मर्म पहिल्या नावात आहे.

ही पहिली नावे मुख्यतः तीनच. एनव्हिडिया, 2006 साली कॅनडातील एटीआय कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात आलेली एएमडी, आणि 2022 पासून 'आर्क' या नावाने स्वतंत्र कार्डे विकणारी इंटेल. गंमत अशी, की या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या अलीकडच्या पुष्कळ चिप तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत घडतात.

केवळ खेळांसाठी कार्ड हवे असेल, तर नावाचा आग्रह व्यर्थ होय. सारख्या किमतीच्या दोन कार्डांवर तोच खेळ कसा चालतो, एवढे पाहणे पुरे. गणनकार्याची गोष्ट मात्र निराळी आहे. एनव्हिडियाने 2007 मध्ये 'कुडा' ही प्रणाली उपलब्ध केली आणि चित्रे रेखाटणारी चिप वैज्ञानिक आकडेमोडीलाही जुंपता येऊ लागली. कुडासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या चिपवर जशीच्या तशी चालत नाही. एएमडीने 2016 मध्ये 'आरओसीएम' ही मुक्त प्रणाली आणली. परंतु तिला त्या कंपनीच्या प्रत्येक कार्डाचा अधिकृत आधार नाही. म्हणून विद्यार्थ्याने आधी आपली आज्ञावली कोणत्या प्रणालीवर चालते ते पाहावे आणि मग कार्डाची किंमत विचारावी.

स्मृतीचेही तसेच. 2012 साली टोरांटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन यांनी चित्रे ओळखणारे जे गाजलेले जाळे तयार केले, ते 3 गिगाबाइट स्मृतीच्या एका कार्डात मावेना. त्यांना ते दोन कार्डांत विभागावे लागले. कार्डावरील स्मृती डाख देऊन पक्की केलेली असते. पुढे हवी म्हणून ती वाढविता येत नाही.

कंपनीच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. 1996 साली 'व्हूडू' चिपने बाजार जिंकणाऱ्या थ्रीडीएफएक्सने 1998 मध्ये एसटीबी ही कार्डे बनविणारी कंपनी घेण्याचे ठरविले. तिच्या चिप विकत घेणारे कार्डनिर्माते साहजिकच दुसरीकडे वळले. 2000 सालच्या अखेरीस तिची मुख्य मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली आणि व्हूडू घेतलेल्यांना कंपनीकडून नवे ड्रायव्हर मिळणे बंद झाले. कार्डे धडधाकट होती. नव्या खेळांशी त्यांचे जुळेना.

दुसऱ्या नावाचे महत्त्व उरते ते पंख्यांचा आवाज, हमीची वर्षे आणि दुरुस्ती केंद्राचे अंतर यांपुरते. परदेशातून आणलेल्या कार्डाची हमी भारतात चालेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.